ॲडेलच्या सिंगल्समध्ये वैविध्य हवं की नको?

पऱ्हाटी (दारव्हा)

मंडळी, बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय. ॲडेल ही माझी सगळ्यात आवडती गायिका. तिचे चारही अल्बम मी पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकलेत, आणि म्हणूनच तक्रार आहे. तिच्या अल्बममध्ये जेवढे रंग असतात तेवढे तिच्या सिंगल्समध्ये, म्हणजे अल्बममधून निवडून सुट्या दिलेल्या गाण्यांमध्ये, येत नाहीत.

आधी '२१' हा अल्बम बघा. पहिलं सिंगल 'रोलिंग इन द डीप', नोव्हेंबर २०१०. पाय आपोआप आपटावा असा ठेका आणि आवाजात राग. मग 'समवन लाइक यू', नुसता पियानो आणि ती. मग 'सेट फायर टू द रेन', तिथं व्हायोलिनं दाटून येतात. मग 'रूमर हॅज इट', त्यात ड्रमच पुढे. चार गाणी, चार स्वभाव. ही चार ऐकणाऱ्याला ही बाई काय काय गाऊ शकते ते कळून चुकलं.

नंतर काय झालं? '२५' ची सुरुवात 'हॅलो'ने, पाठोपाठ 'व्हेन वी वेअर यंग'. दोन्ही संथ, दोन्ही सरलेल्या दिवसांवर, दोन्हींत सुरुवात दबक्या आवाजात आणि धृपदाला आवाज एकदम वर. मॅक्स मार्टिन आणि शेलबॅकबरोबर केलेलं 'सेंड माय लव्ह' हे त्या अल्बममधलं सगळ्यात खेळकर गाणं, पण त्याचा नंबर तिसरा लागला, मे २०१६ मध्ये. मग २०२१ साली '३०' येणार म्हणून जीव टांगणीला, तर आधी आलं 'ईझी ऑन मी'. पुन्हा पियानो. गाणं सुंदरच आहे. पण त्याच अल्बममध्ये एरॉल गार्नर या जुन्या जॅझ पियानोवादकाचा तुकडा घेऊन केलेलं गाणं आहे, शीळ घालत जाणारं 'कॅन आय गेट इट' आहे. ही गाणी सिंगल झालीच नाहीत. 'ओ माय गॉड' तेवढं त्यातल्या त्यात वेगळं, त्याचा व्हिडिओ जानेवारी २०२२ मध्ये आला.

शहरातले मित्र म्हणतात, अल्बम ऐक ना. मी ऐकतोच. पण आमच्या गावात सिंगल जेवढं पोचतं तेवढंच पोचतं. इथल्या पोरांच्या लेखी ॲडेल म्हणजे 'रडणारी बाई'. हे मला फार लागतं. तुमचं मत सांगा.

संत्रा_बहार (वरूड)

भाऊ, तुमची आवड बराबर हाय, पण मुद्दा पटला नाही. 'हॅलो' आलं त अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात अकरा लाखाच्या वर डाउनलोड झालं. एका आठवड्यात दहा लाखाच्या वर जानारं ते पहिलं गानं. अन् अल्बम पहिल्या आठवड्यात तेहतीस लाखाच्या वर इकल्या गेला. चालून राह्यलेली गोष्ट कोन बदलवते? कंपनीवाले काही येडे नाहीत.

पऱ्हाटी (दारव्हा)

संत्राभाऊ, आकडे खरे आहेत. पण लोक '२१' नंतर चार वर्षांहून जास्त वाट बघत होते. त्या आठवड्यात तिने कोणतंही गाणं दिलं असतं तरी लोक तुटून पडले असते. आणि 'रोलिंग इन द डीप' २०११ मध्ये अमेरिकेत सात आठवडे पहिल्या नंबरवर होतं. ते काही संथ नव्हतं. म्हणजे चालण्यासाठी संथच पाहिजे असं तिच्याच हिशेबात बसत नाही.

मेमरी_कार्ड (आर्णी)

२०१५-१६ ची गोष्ट सांगतो. तवा आमच्याकडे जिओ यायचं होतं, ते आलं सप्टेंबर २०१६ मध्ये. गाणी मिळायची बसस्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात, मेमरी कार्डात भरून. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर 'इंग्लिश' नावाचं एक फोल्डर होतं, त्यात सगळ्या गायकांचं एकेकच गाणं. ॲडेलचं 'हॅलो'. दुसरं मागितलं तर म्हणे, "तिचं एवढंच हाय." आणि तो खोटं बोलत नव्हता. '२५' अल्बम स्ट्रीमिंगवरही जून २०१६ पर्यंत नव्हता, सिंगल मात्र होतं. तर तालुक्याच्या गावाला तिचं एक गाणं आणि तेच तिचं रूप. पऱ्हाटीभाऊ म्हणतात त्याला माझा पूर्ण पाठिंबा.

पेटीवाल्या_बाई (आर्वी)

मी संगीत शिकवते, म्हणून जरा पेटीवर बसून सांगते.

'हॅलो' आणि 'ईझी ऑन मी', दोन्हींचा सा पांढरी चार. पट्टी एक, लय सावकाश, साथीला पियानो. म्हणून कानाला ती बहिणी-बहिणी वाटतात. पण 'हॅलो'त गंधार कोमल आहे, 'ईझी ऑन मी'त शुद्ध. ज्यांच्या घरी पेटी असेल त्यांनी पांढरी चार धरून ठेवावी आणि एकदा काळी चार दाबावी, एकदा पांढरी सहा. एवढ्याशा फरकाने पहिल्या गाण्यात अपराधी भाव येतो आणि दुसऱ्यात 'मला समजून घ्या' अशी विनवणी. आणखी एक. 'हॅलो'च्या धृपदात ती सूर वर नेऊन सरळ उभा करते, कुठे वळत नाही. 'ईझी ऑन मी'त 'ईझी' या एका शब्दावरच केवढी हरकत घेते, म्हणजे सुराला झटकन किती वळणं देते! आपल्याकडच्या गाणाऱ्याला ती हरकत लगेच ओळखीची वाटेल.

तेव्हा वैविध्य नाही हे मला मान्य नाही. ते लयीत शोधू नका, सुरात शोधा.

टोला (अकोट)

बाई, आमच्या मंदिरातली पेटी काढून दाबून पाह्यली. काळी चार दाबली अन् अंगावर काटाच आला बाप्पा!

पऱ्हाटी (दारव्हा)

बाई, हे इतकं नेमकं मला कोणी सांगितलं नव्हतं, आभार. पण ऐकणाऱ्यांतल्या किती जणांना कोमल-शुद्ध गंधार वेगळा काढता येतो? त्यांना लय कळते, वाद्य कळतं, आवाज चढला-उतरला ते कळतं. सिंगल ही तर पहिली ओळख असते. पहिल्या ओळखीत फरक उघड दिसला पाहिजे, बारकावे मागाहून.

झाडीची_लेक (वडसा)

मी आपल्या झाडीपट्टीचं सांगतो जी. आमच्याकडे दिवाळी झाली का नाटकं सुरू होतात, ते थेट होळीपर्यंत. रात्रभर चालणारं नाटक. त्याची गाडी गावोगाव फिरते, वर भोंगा, आणि भोंग्यावर नाटकातलं एखादं गाणं, एखादा डायलॉग. आता नाटकात सगळंच राहते: रडणं, भांडण, लावणी, विनोद. पण भोंग्यावर जर नुसतं आईच्या मरणाचंच गाणं लावलं, तर गाव म्हणेल हे नाटक रडवायचं आहे, आणि पोट्टे येणारच नाहीत. म्हणून हुशार कंपनी सकाळी एक गाणं वाजवते, संध्याकाळी दुसरं. सिंगल म्हणजे हा भोंगाच आहे ना जी? नाटक कितीही चांगलं असो, भोंग्यावर काय वाजलं त्यावर मांडव भरतो.

मेमरी_कार्ड (आर्णी)

ताई, याच्यावर आता काही बोलायचं उरलंच नाही.

पैनगंगा (उमरखेड)

उरलं आहे. मी उलट बाजूने बोलतो. ॲडेलला स्वतःला तुकड्यातुकड्याने ऐकलेलं आवडत नाही. '३०' आला तेव्हा तिच्या विनंतीवरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावर गाणी आपोआप उलटसुलट लागायची सोय काढून टाकली. तिला गाणी तिने लावलेल्या क्रमानेच ऐकली जायला हवी आहेत. अशी गायिका सिंगलमध्ये सगळे रंग दाखवायला का जाईल? तिच्यासाठी सिंगल म्हणजे दार. आत काय आहे ते आत आल्यावर बघा.

आणि एक सांगा, 'ईझी ऑन मी' हे '३०' मधल्या गोष्टीचं मूळ आहे. घटस्फोट झाला, मुलाला समजवायचं आहे, स्वतःला माफ करायचं आहे. त्याऐवजी शीळ घालणारं गाणं आधी दिलं असतं तर लोक म्हणाले असते, हिला काय झालं?

जुनी_कॅसेट (पुसद)

पैनगंगाभाऊंचं दाराचं म्हणणं कॅसेटच्या काळात बरोबर होतं. तेव्हा मायकल जॅक्सनची कॅसेट आणली की ए बाजू संपायची, मग बी बाजू लावायची, आणि मागे-पुढे करत बसलं तर रीळ अडकायची. त्यामुळे आवडो न आवडो, सगळी गाणी कानावरून जायची. मला कितीतरी गाणी चौथ्या-पाचव्या ऐकण्यात आवडली. आता दार उघडून आत कोणी येतच नाही, उंबऱ्यावरूनच परत जातात. मग दारातच थोडं जास्त मांडलं पाहिजे.

जॅक्सनचंच बघा. 'थ्रिलर' १९८२ चा. नऊ गाण्यांपैकी सात सिंगल म्हणून आली. पहिलं पॉल मॅकार्टनीबरोबरचं मऊ द्वंद्वगीत, दुसरं 'बिली जीन', नाचायचं, तिसरं 'बीट इट', ज्यात एडी व्हॅन हॅलनची गिटार आहे. मऊ गाणं आवडणाऱ्याला एक, नाचणाऱ्याला एक, रॉकवाल्याला एक. १ नोव्हेंबर १९९६ ला त्याचा मुंबईत कार्यक्रम झाला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या इंग्रजीचा गंध नसलेल्या माणसांनाही तो माहीत होता. सिंगल अशी निवडली होती म्हणूनच तो इथवर पोचला, असं माझं ठाम मत आहे.

काकू_भुलाबाई (रिसोड)

मला ॲडेल माहीत नाही, सून ऐकते. पण धागा वाचला आणि बोलावंसं वाटलं. आम्ही भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणायचो. पाच-सहा चाली, त्याच त्या. कोणी म्हटलं नाही की चाल बदला. उलट चाल बदलली असती तर पोरी रुसल्या असत्या. एखाद्याचं तेच ते ऐकायला आवडतं म्हणूनच माणूस त्याच्याकडे परत जातो ना?

झाडीची_लेक (वडसा)

काकू, पण भुलाबाईची गाणी आपण स्वतः म्हणायचो. रोज खिरापत वेगळी, ओळखायची कोणती ते. आणि म्हणणाऱ्या पोरी रोज वेगळ्या. एकटी बाई तुमच्यासमोर महिनाभर एकाच चालीत गायली असती तर?

काकू_भुलाबाई (रिसोड)

तर मी उठून गेली असती, हे खरं. 😄

ढोलकी (कारंजा)

मी स्वतः गातो. भीमगीतं, लग्नाची गाणी, यूट्यूबवर टाकतो. म्हणून दुसऱ्या बाजूचं सांगतो, म्हणजे गाणाऱ्याला काय सोसावं लागतं ते.

एक सिंगल काढायचं म्हणजे गीतकार, ट्रॅक बनवणारा, डबिंग, मिक्सिंग, वरून व्हिडिओ. पैसा घरचा. माझं एक गाणं डीजेच्या ठेक्यावर होतं, ते १४ एप्रिलच्या मिरवणुकांत बऱ्यापैकी वाजलं. त्यानंतर ज्याच्याकडे जाईन तो म्हणतो, "दादा, तोच रिदम ठेवू." मी पाळण्याच्या चालीत एक गाणं केलं, बाबासाहेबांच्या जन्माचं, मागे फक्त बासरी आणि ढोलकी. आमच्या आईच्या वयाच्या बायांनी फोन करून करून ऐकलं. पण मंडळवाले म्हणतात हे मिरवणुकीत कसं वाजवायचं? भीमगीतांची परंपरा बघा: कव्वाली आहे, पोवाडा आहे, पाळणा आहे, जलसा आहे. एवढा खजिना असताना आम्ही सगळे एकाच ठेक्यात अडकून बसलोय, कारण पहिलं जे चाललं त्याचीच मागणी येते.

माझ्यासारख्याला भीती वाटते, कारण एक गाणं पडलं की पुढच्याला पैसा उरत नाही. पण ॲडेलला कशाची भीती? तिचं नाव असं आहे की ती वाट्टेल ते पहिलं देऊ शकते. जिला परवडतं तिनेच हे केलं पाहिजे. तिने केलं की खालच्यांना सांगता येतं, बघा, त्या बाईने केलं.

पऱ्हाटी (दारव्हा)

ढोलकीदादा, पाळण्याच्या चालीतल्या गाण्याची लिंक टाका. आत्ता.

टोला (अकोट)

मलेबी पाहिजे.

संत्रा_बहार (वरूड)

दादा, तुमचं वाचून माझं मत थोडं हाललं. कंपनीवाले येडे नाहीत हे खरं, पन ते भेकड त हायेत.

धुमाल_किंग (काटोल)

मी कालपासून वाचून राह्यलो. एक सांगू का? आमच्या धुमालमध्ये, म्हंजे वरातीच्या ताशा-बँडमध्ये, 'रोलिंग इन द डीप' वाजवून पाह्यलं आम्ही. सरावाले बसलो होतो, एका पोट्ट्यानं मोबाइलवर लावलं, ताशेवाल्यानं लगेच ठेका धरला. काय बसलं राजा! शब्द कोनाले समजत नाहीत, पन वरातीत लोक नाचतीन याची गॅरंटी. 'हॅलो' लावलं त ताशेवाला चहा प्याले निघून गेला. आता सांगा, आमच्यापर्यंत कोनतं गानं आलं पाहिजे होतं?

पेटीवाल्या_बाई (आर्वी)

धुमालवाले भाऊ, रेकॉर्डिंग करून टाकाच, मी मुलींना ऐकवते.

आणखी एक मुद्दा सुचला, आणि तो पऱ्हाटींच्या बाजूचा आहे. सिंगल एकदा गाजलं की ते गाणाऱ्याला प्रत्येक कार्यक्रमात गावंच लागतं, सुटका नाही. ॲडेलच्या स्वरतंतूंवर २०११ मध्ये शस्त्रक्रिया झाली. २०१७ मध्ये लंडनचे शेवटचे दोन कार्यक्रम आवाजामुळे रद्द करावे लागले. जिची गाजलेली गाणी बहुतेक सगळी धृपदाला पूर्ण ताकदीने वर जाणारी आहेत, तिच्या गळ्यावर किती भार येत असेल, विचार करा. खालच्या पट्टीतलं, बोलल्यासारखं, ठेक्यावर हलकं चालणारं एखादं गाणं सिंगल म्हणून गाजलं असतं तर कार्यक्रमात गळ्याला मधे विसावा मिळाला असता. आम्ही मुलींना बैठकीसाठी हेच शिकवतो, सगळ्या चिजा तारसप्तकातल्या घेऊ नका.

बारकाव्यांचं माझं म्हणणं मात्र मी सोडलेलं नाही.

रातचं_ओलित (मोर्शी)

आमच्या फीडरले या आठवड्यात लाइट रातची हाय. हरभऱ्याले पानी देतो अन् स्प्रिंकलरचे पाइप बदलवता बदलवता खिशातल्या मोबाइलवर गानं लावतो. धाग्यात वाचलं म्हनून '३०' अख्खा लावला. 'ईझी ऑन मी' ऐकलं, बरं वाटलं. मंग 'माय लिटल लव्ह' आलं, त्यात त लहान लेकराचा आवाज हाय, माय-लेकराचं बोलनं रेकॉर्ड केलेलं. समजलं काही नाही, पन मी पाइप खाली ठेवून धुऱ्यावर बसलो. पुढे 'क्राय युअर हार्ट आउट' आलं. नाव रडन्याचं, अन् चाल अशी का मान डोलते. हे गानं मले आजपर्यंत कोनी काऊन नाही ऐकवलं?

पऱ्हाटी (दारव्हा)

भाऊ, हेच. नेमकं हेच मला म्हणायचं होतं. '३०' मधून पहिलं सिंगल 'क्राय युअर हार्ट आउट' असायला हवं होतं. दुःख तेच, घटस्फोट तोच, पण अंगात ठेका. पैनगंगाभाऊ, तुमची हरकत होती की गोष्टीशी जुळलं पाहिजे. हे जुळतं की नाही?

पैनगंगा (उमरखेड)

जुळतं. 'कॅन आय गेट इट'ला माझा विरोध कायम, पण हे गाणं पहिलं आलं असतं तर माझी ना नव्हती. तरी 'ईझी ऑन मी' मागे ठेवायला माझं मन तयार होत नाही. ते अमेरिकेत दहा आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं, ते काही उगाच नाही.

जुनी_कॅसेट (पुसद)

मग दोन्ही एकाच दिवशी द्यायची. एड शीरनने ६ जानेवारी २०१७ ला हेच केलं. 'कॅसल ऑन द हिल' आणि 'शेप ऑफ यू' एकाच दिवशी. एक गिटारवरचं, गावाच्या आठवणींचं, दुसरं नाचायचं. ज्याला जे हवं ते त्याने उचललं. 'शेप ऑफ यू' तर आपल्याकडे लग्नात वाजलं. आणि गावाच्या आठवणींचं गाणं माझ्यासारख्याने घेतलं.

झाडीची_लेक (वडसा)

सकाळी एक, संध्याकाळी एक. मी तेच म्हटलं होतं जी.

संत्रा_बहार (वरूड)

दोन देल्यावर रेडिओवाले दोन्ही लावतीन काय? ते एकच पकडतीन अन् दुसरं मागं पडीन. 'शेप ऑफ यू' जगभर झालं, 'कॅसल' किती लोकाइले माहीत हाय?

ढोलकी (कारंजा)

मागे पडलं तरी चालेल भाऊ. ते यादीत असतं, शोधणाऱ्याला सापडतं. अल्बमच्या नवव्या-दहाव्या नंबरवर पडलेलं गाणं कोणी शोधतच नाही. माझं पाळण्याचं गाणं वर टाकलंय, बघा.

पेटीवाल्या_बाई (आर्वी)

ऐकलं. दुसऱ्या अंतऱ्यात बासरी थांबते आणि नुसता तुमचा आवाज राहतो ती जागा फार छान झाली आहे. पुढचंही असंच काढा, मंडळवाल्यांचं ऐकू नका.

टोला (अकोट)

माझ्याजवळ रोजचा डेटा थोडा राह्यते. '३०' मधली तीनच गानी ऐकायची त कोनती, अन् कोनत्या नंबरानं?

पऱ्हाटी (दारव्हा)

टोलाभाऊ, आधी 'क्राय युअर हार्ट आउट'. मग 'ईझी ऑन मी', म्हणजे दोन्हींतला फरक लगेच कळेल. तिसरं 'लव्ह इज अ गेम', ते अल्बममधलं शेवटचं, जुन्या सिनेमासारखी व्हायोलिनं आहेत आणि ते सहा मिनिटांच्या वर चालतं. घाईत ऐकू नका.

रातचं_ओलित (मोर्शी)

पह्यलं गानं हेडफोन लावून ऐका टोलाभाऊ, स्पीकरवर त्याचा खालचा ठेका ऐकू येत नाही.